तलासरीचं स्थळ

संगिताला घाणीची सवय होती. आशागडच्या रस्त्याला तिचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं, आणि तिथे येणाऱ्या मशीनच्या पोटातून काय काय निघतं हे ती जेवताना सांगायला लागली की तिची आई ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी. चिंचणीच्या एका सुकटवाल्याच्या मशीनमध्ये झुरळांचं अख्खं खानदान. एका भाताच्या गिरणीतल्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये तर उंदराची पिल्लं निघाली होती, डोळेही न उघडलेली. संगिता नाकाला रुमाल बांधायची, ब्लोअर घ्यायची आणि कामाला लागायची. "मुकं जनावर ते, त्याला काय कळतं," असं म्हणून मोकळी व्हायची.

म्हणून मिथुनचा फोन आला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं.

मिथुनचं स्थळ उमेशमामाने आणलं होतं. तलासरीला स्वतःचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ, एकुलता एक मुलगा, बहीण लग्न होऊन गेलेली, आई नाही, घरी फक्त वडील. होळीच्या थोडं आधी दोन्हीकडची माणसं विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळात भेटली होती. मुलीला घरी जाऊन बघणं वगैरे प्रकार संगिताला मान्य नव्हता, आणि देऊळ हायवेला असल्यामुळे दोघांनाही सोयीचं. मिथुन पांढरा शर्ट घालून आला होता. बोलताना तोंडाला वेलचीचा वास. मामाने मुद्दाम सगळ्यांसमोर विचारलं, "पोराला नाद-बिद काही?" तेव्हा तो हसून म्हणाला होता, "मामा, मी चहासुद्धा एकच वेळ घेतो." आई तिथल्या तिथे खूश झाली. संगितालाही तो आवडला होता, खोटं कशाला बोला. तिने आपलं काम सांगितलं तेव्हा "मुलगी असून?" असं तो म्हणाला नाही. "मदरबोर्डसुद्धा उघडता?" असं विचारलं आणि नीट ऐकून घेतलं. तेवढ्यावर ती घरी येताना गाडीत गप्प होती, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ आईने बरोबर लावला. मेच्या आत साखरपुडा करायचं दोन्हीकडून ठरत आलं होतं.

"स्टुडिओतला पीसी चालूच होत नाही," मिथुन फोनवर म्हणाला. "काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्लिशमध्ये येतं. बूट डिव्हाईस नाही असं. सगळी लग्नं त्यात आहेत. लोक रोज दारात येऊन उभे राहतात."

"बॅकअप?"

"ते... राहिलंच."

"हात नका लावू आता. मी येते," संगिता म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने आरशात बघून केस पुन्हा बांधले. नंतर स्वतःलाच हसली. मशीन बघायला चाललेय की माणूस?

सकाळची वेळ असूनही ऊन चटके देत होतं. स्कूटीच्या डिकीत हत्यारं, पाठीवर लॅपटॉपची बॅग. आशागड सोडलं, चारोटीला हायवेला लागली, आणि विवळवेढ्याचं देऊळ मागे टाकताना तिने नेहमीसारखे एका हाताने हात जोडल्यासारखं केलं. तलासरीला पोचेपर्यंत तोंडावर धुळीचा थर बसला होता.

स्टुडिओ बाजाराच्या टोकाला होता, घर त्याच्याच मागे. काचेच्या दरवाजावर हार घातलेल्या नवरा-नवरीचा मोठा फोटो. मिथुन दारातच उभा होता. त्याने हात वर करून "या" अशी खूण केली, मान डोलावली, पण बोलला नाही. आत एक मुलगी स्टुलावर अंग चोरून बसली होती. विशीची असेल.

"ही कोण?"

मिथुनने हनुवटी वर करून, ओठ मिटूनच काहीतरी म्हटलं. "भाअती" असं काहीसं ऐकू आलं.

"मी भारती," ती मुलगी उठून म्हणाली. "एडिटिंग करते इथे."

हा लाजतोय की काय, असं संगिताला वाटलं. देवळात तर चांगला बोलत होता. तिने मशीन चालू केलं. पंखा घरघरला, काळा स्क्रीन आला, पांढरी अक्षरं आली. बूट होण्यासारखी डिस्कच सापडत नव्हती. तिने पुन्हा चालू करून सेटिंगचा पडदा उघडला. डिस्कचं नाव जिथे दिसायला हवं तिथे काहीच नव्हतं.

"म्हणजे काय?" भारतीने हळूच विचारलं.

"म्हणजे डिस्क आत आहे की नाही हेच मशीनला कळत नाहीये. सेटिंग बिघडली असती तर नाव तरी दिसलं असतं. केबल सुटली असेल, करंट पोचत नसेल, नाहीतर डिस्कच गेली असेल. एकेक बघायचं. शेवटचं कधी चाललं होतं?"

"परवा संध्याकाळी. मी नीट बंद करून गेले होते, ताई. काल सकाळी आले तर हे."

मिथुन एवढ्यात बाहेर जाऊन आला. आल्यावर त्याला एकदम वाचा फुटली. "हिनेच काहीतरी केलंय. मोबाईल चार्जिंगला लावते, डबा इथेच खाते. आमटी सांडली असेल." त्याच्या तोंडाला वेलचीचा वास येत होता. भारती खाली बघत राहिली. संगिताला ते बोलणं खटकलं, पण नुकसान झालं की माणूस चिडतो, असं म्हणून तिने सोडून दिलं.

कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर होता, मिथुनच्या खुर्चीच्या उजव्या पायाशी, भिंतीच्या कोपऱ्यात. संगिता गुडघ्यावर बसली आणि तो ओढायला लागली. हलेना. खाली चिकटला होता. तिने दोन्ही हातांनी जोर लावला तेव्हा चर्रर्र करून सुटला, आणि मागचा कोपरा उघडा पडला.

भिंत गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत लाल होती. वरवर लाल, खाली खाली काळपट, आणि फरशीला टेकते तिथे थरावर थर चढून साल धरलेली. त्यावर सुपारीचे तुकडे. एक झुरळ चिकटून मेलेलं. आधी तिला वाटलं, कुठला पाइप गळून गंज उतरलाय. मग वास आला. केवडा, चुना, आणि त्याखालून आंबलेला, कोमट, माणसाच्या तोंडातला वास.

तिने झटकन तोंडावर रुमाल ओढला. हाताकडे बघितलं. कॅबिनेट जिथे धरला होता तिथे बोटं ओली झाली होती. ओली, आणि लाल.

तिला किळस आली. पालीच्या अंड्यांनी नाही, उंदराच्या पिल्लांनी नाही, इतक्या वर्षांत एकदाही नाही. ती उठून बाहेर गेली, बाटलीतलं सगळं पाणी हातावर ओतलं, मग मातीने हात चोळले, मग पुन्हा पाणी शोधलं. तरी बोटं अंगापासून लांब धरूनच ती आत आली.

"हे कोण थुंकतं इथे?"

भारती आपल्या चपलेचा अंगठा बघत होती. मिथुनने एक क्षण दाराकडे पाहिलं.

"मी विचारते, कोण थुंकतं?"

"अरे, ते..." मिथुन घसा साफ करत म्हणाला, "जाऊ द्या ना. तुम्ही ते केबलचं बघा."

संगिताने बॅगेतून हातमोजे काढले. उंदराच्या वेळीसुद्धा ती ते घालत नसे. कॅबिनेटचं झाकण उघडलं. समोरच्या जाळीतून पिचकाऱ्या थेट आत गेल्या होत्या. खालचा पंखा तपकिरी, त्याच्या पात्यांवर कातासारखा थर, आणि फिरताना त्याने तो चिखल सगळीकडे उडवलेला. मदरबोर्डच्या खालच्या कडेला लाल ठिपके. हार्डडिस्क जाळीच्या बरोबर मागे होती, म्हणजे सगळ्यांत जास्त तिच्याच वाट्याला आलं होतं. तिने केबल बदलून बघितली. नाही. करंटची पिन दुसरी लावली, डिस्कवर बोट ठेवून मशीन चालू केलं. जिवंत डिस्क बोटाला कळते, आत काहीतरी फिरतंय हे जाणवतं. ही दगडासारखी गार. तिने डिस्क बाहेर काढून उलटी केली. खालच्या सर्किटच्या हिरव्या पाटीवर लाल पापुद्रा बसला होता, सांडलेल्या आमटीवर साय यावी तसा.

तेवढ्यात मागच्या दारातून एक म्हातारा माणूस कपबशा घेऊन आला. धोतर, बनियन, कानावर अर्धी बिडी. देवळात भेटले होते तेव्हा तो जवळपास काही बोललाच नव्हता. मिथुनचे वडील, देवजी.

"बाय, चाय घे. ऊन लय हाय," तो म्हणाला. "मी कालच सांजचा आलो बघ. होळीपासून उंबरगावला लेकीकडंच होतो. तिला पोरगा झाला. मिथुन बोलला, संगिता येणार, म्हणून सकाळीच दूध आणून ठेवलं."

संगिताने कप घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्या वासात तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरलं नसतं. देवजीचं लक्ष उघड्या कोपऱ्याकडे गेलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तो नजर फिरवून वळणार इतक्यात मिथुन मोठ्याने म्हणाला,

"बाबा, किती वेळा सांगितलं तुम्हाला, इथे थुंकू नका म्हणून! बघा, काय करून ठेवलंत. पाहुण्यांसमोर लाज आणली."

देवजी थांबला. मुलाकडे बघितलं. फार वेळ नाही, कपात साखर ढवळायला लागतो तेवढाच वेळ. मग संगिताकडे वळून म्हणाला, "होय बाय. माझंच चुकलं. म्हातारपणी ध्यान नाय राहत."

भारतीने मान वर केली होती. संगिताने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. बिडीने पिवळे झालेले दात, पण लाल रंगाचा कुठे डागसुद्धा नाही. आणि कोपऱ्यातली थुंकी ओली होती. होळीपासून हा माणूस उंबरगावला होता.

आत्तापर्यंत तिला जी किळस आली होती ती हाताची आणि नाकाची होती. आता ती वर सरकली.

तिने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बारीक स्क्रू ड्रायव्हरने डिस्कचे स्क्रू काढले आणि हिरवी पाटी वेगळी केली. पाटी जिथे डिस्कला टेकते ते चकचकीत ठिपके काळे पडले होते. तिने स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून पापुद्रा काढला. कापूस लाल होत होता, ती टाकत होती, नवा घेत होती. मग शाळेतल्या खोडरबराने ते ठिपके हलकेच घासायला लागली.

"याने होईल?" मिथुनने विचारलं.

"झालं तर झालं."

तो फोन घेऊन बाहेर गेला. देवजी कपबशा घेऊन मागे गेला होता. भारती स्टूल सरकवून जवळ आली.

"ताई, मी रोज पुसते," ती कुजबुजली. "बाहेरून दिसतं तेवढं. कॅबिनेट उचलत नाही मला, आणि उघडता येत नाही. एकदा बोलले त्यांना, बादली ठेवते म्हणून. तर म्हणाले, तू शिकवू नको. खुर्चीत बसूनच..." तिने मान वाकडी करून, ओठ चंबू करून दाखवलं, आणि स्वतःच शहारली. "माझ्या ओढणीवर पण उडतं कधी कधी."

"मग नोकरी का करतेस इथे?"

"एडिटिंग दुसरीकडे कुठे शिकू? वापीला घरचे पाठवत नाहीत."

संगिताने पाटी परत बसवली, स्क्रू आवळले. डिस्क मशीनमध्ये न लावता आपल्या लॅपटॉपला जोडली. बोट टेकवून बसली. आधी काही नाही. मग आतून एक बारीकशी थरथर आली, सूं सूं सुरू झालं, आणि स्क्रीनवर डिस्कचं नाव उमटलं. आत फोल्डरच्या रांगा. उधवा लग्न, कोचाई हळद, सूत्रकार साखरपुडा.

भारतीने दोन्ही हात तोंडावर धरले. "आलं! ताई, सगळं आहे!"

आवाज ऐकून मिथुन धावत आला. त्याचा चेहरा उजळला, आणि त्या क्षणी तो पुन्हा देवळातल्यासारखा दिसला, हे संगिताला सगळ्यांत जास्त बोचलं. "वा! मानलं तुम्हाला. मी तर आशाच सोडली होती."

"या डिस्कवर आता भरवसा ठेवायचा नाही," ती म्हणाली. "मी सगळं माझ्या डिस्कवर उतरवून घेते. नंतर तुमच्या मशीनला मी आणलेली नवी डिस्क टाकू, तिच्यावर हे सगळं चढवू. वेळ लागेल."

कॉपी सुरू झाली. मिथुनने भारतीला मागे कपबशा धुवायला पाठवलं आणि खुर्ची ओढून संगिताजवळ बसला. आवाज खाली आणला.

"एक सांगू? रागावू नको." पहिल्यांदाच त्याने तिला अगं-तुगं केलं. "बाबांचं नव्हतं ते. माझं आहे. इथे बॉर्डर जवळ, तिकडून गुटख्याच्या पुड्या येतात, सगळेच खातात. मी कमी करत आणलंय. लग्न झालं की सोडणारच आहे. घरी मात्र बोलू नको हं, मामांना तर नकोच."

"मग बाबांवर कशाला घातलंत?"

"ते काय, बापच आहेत. त्यांना काय फरक पडतो?" तो हसला. "आणि तुला तर बाई, असली घाण काढायची सवयच आहे. मला तेच बरं वाटलं बघ तुझ्यातलं. नाकं मुरडणारी बायको मला चालली नसती."

हे तो कौतुकाने म्हणाला. खरंच कौतुकाने. संगिता त्याच्या ओठांकडे बघत राहिली. कडांना, चुना लागतो तिथे, बारीक चिरा पडल्या होत्या. देवळात हे दिसलं कसं नाही? की दिसलं होतं आणि तिने बघितलं नव्हतं?

तिने ब्रश आणि स्पिरिटची बाटली उचलून त्याच्यासमोर ठेवली.

"हे घ्या. कॅबिनेट आतून साफ करा. नवी डिस्क त्या घाणीत मी बसवणार नाही."

"मी?" त्याला गंमत वाटली. "भारती करेल की. भारती!"

भारती मागून ओल्या हातानेच आली आणि ब्रश घ्यायला वाकली.

"भारती, तू बस," संगिता म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण भारती बसली. "ज्याची थुंकी आहे तो पुसेल."

मिथुनने एकदा दाराबाहेर पाहिलं, कोणी गिऱ्हाईक ऐकत नाही ना. मग ब्रश उचलला, दोन बोटांत, शेपटीने उंदीर धरावा तसा. कॅबिनेटपाशी उकिडवा बसला. ब्रश आत घातला, एकदा खरवडला. एक ओला पापुद्रा सुटून त्याच्या मनगटावर पडला.

"ईऽऽ! शी!" तो ताडकन उठला. हात झटकला. त्याला उमासा आला, त्याने तोंडावर हात दाबला, दाराबाहेर पळाला आणि गटाराशी वाकून ओकाऱ्या काढत राहिला. "काय घाण आहे ती! माझ्याच्याने नाही होणार," तो बाहेरूनच म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या तोंडातून निघालेलं होतं ते, आणि त्याला किळस येत होती! संगिताला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

देवजी मागच्या दारात येऊन उभा होता. त्याने सगळं बघितलं असावं. तो पुढे आला, फरशीवर पडलेला ब्रश उचलला आणि धोतर सावरत कॅबिनेटसमोर बसला.

"बाबा, तुम्ही नका," संगिता म्हणाली.

"होतंय बाय. मला काय. त्याला लहानपणापासून वासाचं सोसत नाय."

मिथुन तोंड पुसत आत आला. वडील खाली बसलेले त्याने पाहिले. संगिता त्याच्याकडेच बघत होती. अजून वेळ होती. तो पुढे आला असता, "बाबा, उठा" एवढं जरी म्हणाला असता, तरी कदाचित तिने सगळं पोटात घातलं असतं. व्यसनं सुटतात, भिंती रंगवता येतात. मिथुन म्हणाला, "हां, बाबा, जरा कोपऱ्यातून पण काढा," आणि खुर्चीत बसून फोन बघायला लागला.

संगिता देवजीच्या शेजारी बसली. दुसरा ब्रश काढला. म्हाताऱ्याने पंखा घासला, तिने पट्ट्या आणि पिना. मिथुनने मध्ये एकदा कसलासा व्हिडिओ लावला, मोठ्याने हसला. काम होईपर्यंत तिने श्वास तोंडानेच घेतला, आणि तरी तो वास जिभेवर बसला.

कॉपी झाली. नवी डिस्क बसवली, त्यावर सगळं चढवलं, मशीन चालू केलं. या वेळी डिस्कचं नाव दिसलं, विंडोज उघडली. कॅबिनेट तिने टेबलाखाली ठेवला नाही. टेबलावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. भारतीला बाजूला घेऊन बॅकअप कसा घ्यायचा ते दाखवलं आणि आपला नंबर दिला.

"जेवून जा ना," मिथुन म्हणाला. "मच्छी सांगितलीय हॉटेलात."

"नको."

"रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. राग आला की माणूस जवळ जाऊन भांडतो. तिला त्याच्यापासून फक्त लांब जायचं होतं.

घरी आल्यावर तिने अंगावरचे कपडे साबणाच्या पाण्यात टाकले, डोक्यावरून अंघोळ केली. आई पोळ्या लाटत होती. संगिताने उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. गोष्ट थुंकीपर्यंत आली तेव्हा आई लाटणं थांबवून म्हणाली, "एवढंच ना? अगं, तंबाखू कोण खात नाही? तुझा बाप खात नव्हता? मी सोडवली की नाही?"

"तंबाखूचं नाही गं आई."

"मग?"

"त्याने ब्रश बापाच्या हातात दिला. नाही, दिलासुद्धा नाही. टाकला, आणि बापाने उचलला, आणि हा फोन बघत बसला. उद्या त्या ब्रशपाशी मी असेन. त्यानेच सांगितलं मला तसं, हसून. तुला सवयच आहे म्हणाला."

आई बराच वेळ पोळीच लाटत राहिली. एकच पोळी, इतकी पातळ की ती तव्यावर टाकताना फाटली. मग म्हणाली, "तुझा बाप थुंकायचा तेव्हा पिकदाणी मीच धुवायचे. अजून तो वास आठवला की..." तिने हात धुतले आणि उमेशमामाला फोन लावायला आत गेली. आतून तिचा आवाज येत होता. "नाही म्हणजे नाही. कारण काय विचारू नको. पोरीचं मन नाही."

मामा आठवडाभर तणतणला. स्टुडिओवाला मुलगा, एकुलता एक, आणि ही एवढ्याशा डागावरून नाकारते, असं त्याने चार घरांत सांगितलं. मिथुनचे मेसेज आले. पहिला माफीचा, दुसरा लाडाचा, तिसरा "स्वतःला समजतेस कोण" असा. तिने उत्तर दिलं नाही.

मग एका दुपारी दुकानासमोर जीप थांबली आणि देवजी उतरला. हातात चिकूंची पिशवी. धुतलेलं धोतर, अंगात शर्ट. तो दुकानाच्या पायरीवर बसला, खुर्ची नको म्हणाला.

"पोरानं पाठवलं बाय," तो म्हणाला. "बोलला, बाबा तुम्ही जा, तुमचं ऐकेल ती. सोडली म्हणतो त्यानं पुडी."

"सोडली?"

देवजीने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले, सोडले. "नाय," तो म्हणाला. "कोपरा तसाच केलाय परत. भारती पण येत नाय आता."

संगिताला म्हाताऱ्याची दया यायला हवी होती. त्या दिवशी आली होती. आज मात्र त्याच्याकडे बघताना तिच्या मनात तीच कोमट, आंबलेली किळस पुन्हा हलली, आणि याची तिला स्वतःलाच लाज वाटली. तरी ती बोललीच.

"बाबा, तुम्ही खोटं का बोललात तेव्हा? आणि आता इतक्या उन्हात त्याचं खोटं घेऊन आलात. तुम्ही पुसत राहता म्हणून तो थुंकतो."

देवजीने हे ऐकून घेतलं. वाईट वाटलं असेल तर दाखवलं नाही. कानावरची बिडी काढली, पेटवली नाही, परत ठेवली.

"त्याची आई गेली तवा तो लहान होता," तो म्हणाला. "रडायला लागला की मला काय सुचायचं नाय. सगळं मीच करायचो. ती सवय त्याला लागली, का मला लागली, काय सांगू?" मग म्हणाला, "तू लग्नाला नाय बोलली ते बरं केलं. हे मी त्याला सांगणार नाय. तुला सांगतो."

तिने त्याला थंड पाणी दिलं. तो सगळं प्यायला. चिकू परत नेणार नाही म्हणाला, ते त्याच्याच झाडाचे होते, पोराचा त्यात हात नव्हता.

"तलासरीला जायला जीप कुठं थांबते?"

"नाक्यावर. मी सोडते," संगिता म्हणाली. तिने शटर अर्धं खाली ओढलं, स्कूटी काढली आणि म्हाताऱ्याला मागे बसवलं. नाक्यावर जीप भरत आली होती. तो आत सरकून बसला, पाय जवळ घेतले. जीप निघाली तेव्हा त्याचा फोन वाजत होता. कोणाचा ते संगिताला माहीत होतं. त्याने शर्टाच्या खिशावर हात ठेवला, फोन काढला नाही, आणि जीप आशागडच्या वळणाला लागेपर्यंत तो वाजतच होता.